फावड्यावरचे पाऊल

एका जाड बुटातील पाऊल फावड्याच्या पात्यावर घट्ट रोवलेले आहे आणि पाते मातीत शिरत आहे. ज्याचे ते पाऊल, त्या माणसाचे मुख चित्रात नाही, हातही नाहीत. बूट, फावडे, माती आणि जोडीला 'विजयासाठी खणा' अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द, एवढाच त्या भित्तिपत्रकाचा सारा संसार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडातील गावोगावच्या भिंतींवर हे पत्रक झळकले आणि त्या युद्धाची जी काही चित्रे लोकांच्या कायमची स्मरणात राहिली त्यांत त्याची गणना होऊ लागली. छायाचित्रातले ते पाऊल कोणा सेनापतीचे नव्हते. लंडनच्या पश्चिमेकडील ॲक्टन या उपनगरात राहणाऱ्या एका सामान्य नागरिकाचे ते होते.

आपल्याकडचे फावडे हाताने मारून स्वतःकडे ओढावयाचे असते. विलायती फावड्याचे पाते सरळ असते. त्याच्या वरच्या कडेवर पाय देऊन, अंगाचा सगळा भार टाकून ते जमिनीत घुसवावे लागते. खणणाऱ्याचा सारा जोर त्या एका क्षणी त्याच्या पावलात उतरतो. पत्रक तयार करणाऱ्याने नेमका तोच क्षण उचलला. मुख दाखविले नाही, म्हणून ते पाऊल प्रत्येकाला आपले वाटू शकले. कारकून, शिक्षक, गृहिणी, पेन्शनर, कोणीही त्या बुटात मनाने पाय घालावा, अशी ती योजना होती.

अशी पत्रके काढण्याची गरज इंग्लंडला का पडली? त्याचे उत्तर त्या देशाच्या भूगोलात आणि व्यापारात आहे. युद्धापूर्वी ब्रिटन आपल्या अन्नापैकी सुमारे दोनतृतीयांश भाग परदेशांतून आणीत असे. गहू कॅनडातून, लोणी व मांस न्यूझीलंड आणि अर्जेंटिनातून, साखर वेस्ट इंडीजसारख्या बेटांतून येई. दरसाल दोन कोटी टनांच्या आसपास अन्न जहाजांतून बंदरांत उतरत होते. ज्या राष्ट्राचे स्वयंपाकघर समुद्रापलीकडे आहे, त्याला जिंकण्यासाठी त्याच्या भूमीवर पाऊल ठेवण्याची जरुरी नसते. त्याची जहाजे बुडविली म्हणजे पुरे. जर्मन पाणबुड्यांनी पहिल्या महायुद्धात, विशेषतः १९१७ साली, नेमके हेच करून पाहिले होते. त्या वर्षी खुद्द राजा पंचम जॉर्ज याने जाहीरनामा काढून प्रजेला पाव कमी खाण्याची विनंती केली होती.

भिंतीवरच्या चित्राने लोकांच्या ताटापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्नही त्याच पहिल्या युद्धात सुरू झाला. अमेरिका १९१७ साली युद्धात उतरली. त्या वेळी अन्नखात्याची सूत्रे हर्बर्ट हूव्हर यांच्याकडे देण्यात आली. पुढे ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले. अन्नच युद्ध जिंकून देईल, ही त्यांच्या खात्याची घोषणा होती. त्याच सुमारास चार्ल्स लॅथ्रॉप पॅक यांनी स्थापन केलेल्या एका राष्ट्रीय मंडळाने घरोघरी भाजी पिकविण्याची चळवळ उभारली. या मंडळासाठी जेम्स माँटगमेरी फ्लॅग या चित्रकाराने १९१८ साली काढलेले पत्रक प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाचे तारे आणि पट्टे ल्यालेली एक देवतेसारखी तरुणी नांगरलेल्या शेतातून चालते आहे आणि मुठीने बी फेकते आहे. सैन्यात भरती होण्यासाठी समोरच्याकडे बोट रोखून पाहणारा जगप्रसिद्ध 'अंकल सॅम' याच फ्लॅगने रंगविला होता. एकाच कुंचल्याने तरुणाला बंदूक उचलावयास सांगितले आणि त्याच्या आईला बियाण्याची पुडी. त्या एका वर्षात अमेरिकेत पन्नास लाखांहून अधिक युद्धबागा झाल्या, असा त्या मंडळाचा हिशेब होता.

हा सारा पूर्वानुभव गाठीशी असल्यामुळे १९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने वेळ दवडला नाही. त्या वेळचे शेतकीमंत्री सर रेजिनाल्ड डॉरमन-स्मिथ यांनी ऑक्टोबर महिन्यात रेडिओवरून राष्ट्राला उद्देशून भाषण केले. इंग्लंडात नगरपालिका आणि इतर संस्था नागरिकांना भाजी लावण्यासाठी जमिनीचे लहान तुकडे अल्प भाड्याने देत असत. ही प्रथा जुनीच होती. असे आणखी ५ लाख तुकडे नीट मशागतीखाली आले, तर त्यांवर १० लाख प्रौढांना आणि १५ लाख मुलांना वर्षातील ८ महिने पुरेल इतके बटाटे आणि भाजीपाला निघेल, असे मंत्रिमहाशयांनी सांगितले. सरकारने मोहिमेला ठेवलेले नाव अगदी साधे होते: अधिक अन्न पिकवा. परंतु लंडनच्या एका सायंदैनिकाने 'विजयासाठी खणा' हे चटकदार शब्द वापरले आणि तेच लोकांच्या तोंडी बसले. सरकारनेही शहाणपणाने आपला शब्द मागे घेऊन लोकांचा उचलला.

भाजीच्या त्या तुकड्याचे ठरीव माप ९० फूट लांब आणि ३० फूट रुंद असे. एवढ्या जागेत वर्षभर कोणत्या महिन्यात काय लावावे आणि एका पिकामागून दुसरे कोणते घ्यावे, याचा तक्ता शेतकी खात्याने छापून वाटला. १९३९ साली असे सुमारे ८ लाख १५ हजार तुकडे लागवडीखाली होते. १९४३ पर्यंत ती संख्या १४ लाखांवर गेली. लंडनच्या ऐतिहासिक किल्ल्याच्या कोरड्या खंदकात भाज्यांचे वाफे तयार झाले आणि राजधानीतील सार्वजनिक उद्यानांत फुलांच्या जागी कोबी उभा राहिला.

या मोहिमेच्या पत्रकांत कलेचे नाना प्रकार दिसतात. काही पत्रके ताज्या भाज्यांनी भरलेली टोपली दाखवून मोह घालणारी होती. काहींत विनोद होता. अन्नखात्याने 'डॉक्टर गाजर' आणि 'बटाटे पीट' अशी दोन गमतीदार पात्रे निर्माण केली. एकाच्या हाती औषधाची पिशवी, तर दुसऱ्याच्या तोंडी गाणी. मुलांनी त्यांना आपले सोबती मानले, आणि मुलांच्या हट्टाने गाजरे मोठ्यांच्या ताटात आली. गाजर खाल्ल्याने अंधारात दिसते, असा प्रचारही त्या वेळी जोरात झाला. रात्री दिव्यांवर बंदी असलेल्या शहरांत तो लोकांना पटलाही. अ-जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो हे खरे. परंतु ज्याची दृष्टी निकोप आहे त्याला गाजराने मांजराचे डोळे लाभत नाहीत. प्रचार आणि सत्य यांच्यामधली सीमारेषा अशी चांगल्या कामातही पुसट होत असते.

कलादृष्ट्या या सर्वांत श्रेष्ठ ठरलेली पत्रके अब्राम गेम्स या चित्रकाराची आहेत. १९१४ साली लंडनच्या पूर्व भागात, पूर्व युरोपातून आलेल्या एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सैन्यात साधा शिपाई म्हणून दाखल झालेल्या या तरुणाकडे पुढे युद्धखात्याने पत्रके काढण्याचे काम सोपविले आणि युद्ध संपेपर्यंत त्यांनी सुमारे १०० पत्रके काढली. कमीत कमी साधनांतून जास्तीत जास्त अर्थ, हे त्यांचे सूत्र होते. छावण्यांतील सैनिकांनी आपली भाजी आपणच पिकवावी, यासाठी १९४२ साली त्यांनी काढलेले एक पत्रक पाहण्यासारखे आहे. त्यात फावड्याचे पाते आणि जहाजाचा आकार एकमेकांत असे मिसळले आहेत, की एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते ते कळू नये. जहाजे नकोत, फावडी वापरा, हा त्याचा संदेश. छावणीत पिकलेली प्रत्येक जुडी म्हणजे समुद्रावरच्या एखाद्या जहाजातली तेवढी मोकळी झालेली जागा, आणि त्या जागेत दारूगोळा येऊ शकतो, हे युद्धाचे सगळे अर्थशास्त्र त्या एका आकृतीत सामावले होते. निरक्षराला ते कळावे आणि विद्वानालाही ते पटावे, असे ते चित्र होते.

तथापि इंग्लंडने हा प्रश्न केवळ चित्रांनी सोडविला असे मानणे भाबडेपणाचे होईल. पत्रकाच्या मागे फार मोठी यंत्रणा उभी होती. रविवारी दुपारी सी. एच. मिडलटन हे बागाईतज्ज्ञ रेडिओवरून गप्पा मारल्यासारखे बोलत आणि बटाट्यावरची कीड, खताचा ढीग, बियांची निवड असले विषय लाखो लोक कान देऊन ऐकत. रोज सकाळच्या बातम्या संपल्या, की सव्वाआठ वाजता स्वयंपाकघराचा कार्यक्रम लागे आणि मिळेल त्या जिनसांतून काय शिजवावे ते गृहिणींना सांगितले जाई. लॉर्ड वूल्टन हे १९४० च्या एप्रिलपासून अन्नमंत्री होते. मूळचे व्यापारी असल्यामुळे गिऱ्हाइकाची समजूत कशी घालावी हे त्यांना ठाऊक होते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिधावाटप. ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि खारवलेले डुकराचे मांस यांवर नियंत्रण आले. पुढे मांस, चहा, चीज, मुरंबे हेही आले. श्रीमंताला आणि गरिबाला ठरीव जिन्नस ठरीव भावाने मिळू लागला. बटाटा आणि पाव मात्र युद्धकाळात नियंत्रणाबाहेर राहिले, म्हणून कोणी उपाशी राहिले नाही. शेतीच्या बाबतीत तर सरकारने सक्तीचा अधिकार हाती घेतला होता. कुरणे मोडून नांगरणाऱ्यास एकरी २ पौंड अनुदान मिळे. जो शेतकरी हुकुमाप्रमाणे पिकवीत नसे त्याची जमीन काढून घेण्याचा अधिकारही जिल्हा समित्यांना होता. शेतीकामासाठी उभारलेल्या स्त्रियांच्या दलात १९४४ पर्यंत ८० हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. लागवडीखालची जमीन दीडपटीच्या आसपास वाढली आणि बाहेरून येणारे अन्न जवळजवळ निम्म्यावर आले. या हिशेबात परसातल्या कोबीचा वाटा लहानच होता, मोठा वाटा नांगराचा. तरीही त्या वाफ्यांचे मोल कमी नव्हते. राष्ट्राच्या संकटात आपलेही काही चालते, ही भावना त्यांनी सामान्य माणसाला दिली. आपण पिकविले ते आपल्या ताटात येईल आणि जे नाही ते सर्वांनाच सारखे नसेल, असा विश्वास लोकांना वाटत होता. म्हणूनच त्यांनी भिंतीवरच्या चित्राचे ऐकले.

आता याच घोषणेची दुसरी बाजू पाहावयाची तर नजर पूर्वेकडे वळवावी लागते. योगायोग असा, की रेडिओवरून इंग्लंडला खणावयास सांगणारे तेच सर रेजिनाल्ड डॉरमन-स्मिथ १९४१ साली ब्रह्मदेशाचे गव्हर्नर होऊन रंगूनला आले. ब्रह्मदेश म्हणजे त्या काळी आशियाचे भाताचे कोठार. दरसाल १० लाख टनांहून अधिक तांदूळ तेथून हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागे. मुंबई आणि मद्रास इलाखे, त्रावणकोर, कोचीन, शेजारचे सिलोन, या सर्वांची भिस्त कमीअधिक प्रमाणात त्या तांदळावर होती. ८ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य रंगुनात शिरले आणि ती वाट बंद झाली. गव्हर्नरसाहेबांचे सरकार सिमल्यास आले. इंग्लंडला ज्याची भीती होती ती गोष्ट, म्हणजे समुद्रापलीकडचे धान्य तुटणे, हिंदुस्थानात प्रत्यक्ष घडली.

त्याच १९४२ साली हिंदुस्थान सरकारने 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम सुरू केली. नाव तेच, जे इंग्लंडात आरंभी ठेवले होते. येथेही पत्रके छापली गेली, जाहिराती झळकल्या. परंतु आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? ज्याला स्वतःची जमीन नाही त्या शेतमजुराने खणावयाचे कोठे? मासेमारी, नावाडीपण किंवा भातकांडप करून पोट भरणाऱ्याने पिकवावयाचे काय? बंगालमध्ये तर सरकारच्याच हातून उलटी कामे झाली होती. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून १९४२ साली किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांतून तांदळाचे साठे उचलण्यात आले आणि हजारो होड्या ताब्यात घेण्यात वा मोडण्यात आल्या. जेथे होडी हेच बैल आणि होडी हीच गाडी, तेथे होडी गेली म्हणजे बाजारही गेला आणि शेतावर जाण्याची वाटही गेली. १६ ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळाने मिदनापूर जिल्ह्यात सुमारे १४,५०० माणसे बळी घेतली आणि उभे पीक नासले. कलकत्त्याच्या घाऊक बाजारात डिसेंबर १९४२ मध्ये १३-१४ रुपये मण असलेला तांदूळ मे १९४३ मध्ये ३० रुपयांवर आणि ऑगस्टमध्ये ३७ रुपयांवर गेला. मजुराची मजुरी मात्र होती तेथेच होती.

पुढे १९४५ साली सरकारी चौकशी समितीने मृतांचा आकडा १५ लाख दिला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले, की १९४३ मधला बंगालचा धान्यसाठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून थोडाच कमी, आणि ज्या वर्षी दुष्काळ पडला नव्हता त्या १९४१ पेक्षा अधिक होता. त्यांच्या या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण एक गोष्ट निर्विवाद राहिली. केवळ अधिक पिकविण्याने भूक भागत नाही. पिकलेले ज्याच्या त्याच्या हाती पोहोचावे लागते, आणि ते विकत घेण्याची ऐपत त्या हातात असावी लागते.

बंगालच्या या आपत्तीने चित्रकाराच्या हातातील कुंचल्याचे कामच पालटले. इंग्लंडात चित्रकार सरकारच्या वतीने लोकांशी बोलत होता. बंगालमध्ये तो लोकांच्या वतीने जगाशी बोलू लागला. १९१५ साली नैहाटी येथे जन्मलेले चित्तप्रसाद भट्टाचार्य हे कोणत्याही कलाशाळेत रीतसर न शिकलेले चित्रकार होते. कम्युनिस्ट पक्षाची पत्रके आणि भित्तिपत्रके ते काढीत. १९४३ च्या नोव्हेंबरात ते मिदनापूर जिल्ह्यातून पायी हिंडले आणि जे दिसले ते काळ्या शाईने रेखीत गेले. ओसाड घर, धर्मार्थ इस्पितळातील हाडांचा सापळा झालेला माणूस, आईच्या कुशीतले मूल, अशी ती चित्रे. आणि पुष्कळ चित्रांशेजारी त्या माणसाचे गाव आणि हकीकत लिहिलेली. प्रचारपत्रकातला माणूस बिनचेहऱ्याचा असतो, कारण तो सर्वांचा असावा लागतो. चित्तप्रसादांनी नेमके उलट केले. आकड्यांत हरवलेल्या माणसाला त्यांनी त्याचे मुख परत दिले.

या चित्रांचे 'हंग्री बेंगॉल' नावाचे छोटे पुस्तक मुंबईत छापले गेले. सरकारने त्याच्या ५,००० प्रती जप्त करून नष्ट केल्या. चित्रकाराच्या कुटुंबात राहिलेली एक प्रत तेवढी वाचली आणि तिच्यावरून २०११ साली पुस्तक पुन्हा छापता आले. मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकातूनही ती रेखाटने प्रसिद्ध होत. त्याची मराठी आवृत्ती 'लोकयुद्ध' या नावाने निघत असे, त्यामुळे बंगालची ही भूक मराठी वाचकांपर्यंतही पोहोचली. पुढे चित्तप्रसाद मुंबईतच, अंधेरीस, दीर्घकाळ राहिले. याच काळात कलकत्त्यात झैनुल आबेदिन यांनी स्वस्त बांधणीच्या कागदावर शाईने काढलेली दुष्काळचित्रे आज बांगलादेशाचा राष्ट्रीय ठेवा मानली जातात. ब्रिटिश संपादकाच्या हाती असलेल्या 'स्टेट्समन'ने २२ ऑगस्ट १९४३ रोजी दुष्काळाची छायाचित्रे छापल्यावरच दिल्ली आणि लंडन यांना खरी जाग आली. एका सरकारला चित्रे हवी होती तेव्हा त्याने ती भिंतीवर लावली. नको होती तेव्हा त्याच साम्राज्यात ती जाळली गेली.

हिंदुस्थानात सर्वत्र बंगालसारखेच झाले असे मात्र नाही, आणि हा फरक फार बोधप्रद आहे. ब्रह्मदेशाचा तांदूळ तुटल्याचा धक्का मुंबईलाही बसला होता. परंतु तेथे १९४३ च्या मे महिन्यातच शिधावाटप सुरू झाले. दुकानापुढे रांगा लागल्या, लोक कुरकुरले, 'कंट्रोल' हा शब्द मराठी घरांत कायमचा रुजला आणि न आवडणारे धान्य दळून खावे लागले. पण मुंबईच्या रस्त्यांवर बंगालसारखी प्रेते पडली नाहीत. कलकत्त्यात शिधावाटप सुरू व्हावयास १९४४ चा जानेवारी संपत आला होता. तोपर्यंत लाखो माणसे गेली होती. ज्यांना वेळेवर शिधापत्रिका मिळाली ते जगले, एवढा साधा तो हिशेब होता.

स्वातंत्र्यानंतरही 'अधिक धान्य पिकवा' मोहीम चालूच राहिली. १९५२ साली तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीने सांगितले, की धान्याचा प्रश्न गावाच्या एकूण जीवनापासून तोडून सोडविता येत नाही. पाणी, रस्ता, पत, शिक्षण हे सर्व बरोबर चालले पाहिजे. त्यातूनच विस्तारसेवेची योजना पुढे आली. १९६५ साली युद्ध आणि अवर्षण एकदम कोसळले, तेव्हा पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि असंख्य कुटुंबांनी ते पाळले. स्वतःच्या घरी आधी चूल बंद ठेवून मग त्यांनी देशाला सांगितले, म्हणून त्या शब्दाला वजन आले.

इंग्लंडातील शिधावाटप ४ जुलै १९५४ रोजी, मांसावरचे नियंत्रण उठल्यावर, संपूर्णपणे संपले. त्यापूर्वीच पुष्कळ वाफ्यांत पुन्हा फुले आली होती आणि ती भित्तिपत्रके भिंतींवरून उतरून संग्रहालयांत गेली होती. मिदनापूरच्या त्या रेखाटनांपैकी जी वाचली तीही आज संग्रहालयांत आहेत. दोन्ही एकाच युद्धाची, एकाच साम्राज्यातली आणि एकाच विषयावरची चित्रे. एकात भक्कम बूट फावड्यावर रोवलेला आहे. दुसऱ्यात अनवाणी पाय आहेत आणि त्यांच्याखाली त्यांच्या मालकीची वीतभरही माती नाही. लोकांना खणावयास सांगण्यापूर्वी राज्यकर्त्यांनी एकदा त्या पायांकडे पाहावे, एवढेच ही दोन चित्रे शेजारी ठेवली असता उमगते.